पंधरा मिनिटं, बेचाळीस अंश

तीस अंशांवर तो निजलेला असतो.
तो म्हणजे विषाणू. आता विषाणू तरी कसला,
डोकं गेलं, शेपूट गेलं,
पेशी फोडून बाहेर पडायची अक्कलही
कुणीतरी आमच्याआधीच कापून टाकलेली.
उरली तीन हत्यारं, जिवाणूच्या पोटात,
आणि त्यांच्यावर बसवलेला एक पहारेकरी
ज्याला उकाडा सोसत नाही.

मी चंबू गरम पाण्यात धरते, हलवत राहते.
पंधरा मिनिटं.
पहारेकरी ढिला पडतो.
मग लगेच बर्फ.

बोग्लार्का नवी आहे. आजोळ तिचं तिसाकाठचं,
बोटं मासे साफ करणाऱ्यांची, चपळ आणि उतावळी.
"चार-चार वेळा धुवायचं कशाला?"
मीठ राहिलं तर विजेच्या झटक्याला ठिणगी उडते, मी सांगते.
फट्. आणि आठवडा वाया.
ती हसते.
तिने तो आवाज अजून ऐकलेला नाही.

माझे वडील मिश्कोल्त्सला कुलपं दुरुस्त करायचे.
रात्री-अपरात्री दार वाजायचं,
कुणाची किल्ली हरवलेली,
कुणाचा नवरा आतून कडी घालून पिऊन पडलेला.
त्यांच्या खणात, मेणकापडात गुंडाळून,
एक वाकडी सळई असायची, दातकोरण्याएवढी.
घरफोड्याची. कुलपातच मोडून राहिलेली.
त्यांनी ती काढली, टोक घासलं, लाकडी मूठ बसवली.
म्हणायचे, "माझ्या सगळ्या अवजारांत हेच शहाणं.
आपण कुलूप बनवून शिकतो,
चोर भीतीने शिकतो. त्याचं शिक्षण पक्कं."
आईला ती सळई घरात नको होती.
"चोराची वस्तू," ती म्हणायची,
"कधी ना कधी चोरच मागायला येईल."

तर ही तीन.
पहिलं कुरतडतं,
दुपदरी धाग्याचा एक पदर टोकापासून खात जातं.
तिसरं दारात उभं राहून
घरच्या कुत्र्यांची तोंडं दाबून धरतं.
आज त्या दोघांना काम नाही,
आम्ही एकपदरी धागाच पाठवतो आहोत.
आज सगळं मधल्यावर.
ते आमच्या सत्तर अक्षरांना अंगाखांद्यावर घेतं
आणि वाट बघतं.
जिवाणू स्वतःची नक्कल काढायला बसतो तेव्हा
त्याची शिवण क्षणभर उसवते.
तेवढ्यात टाका.
एकोणसत्तर अक्षरं त्याचीच,
एक आमचं.

फट्.
बोग्लार्काने नळी टेबलावर ठेवली, माझ्याकडे बघितलं नाही.
दुसऱ्यांदा तिने पाच वेळा धुतलं.

परवा सकाळी ताटलीत फिकट ठिपके, शेकड्यांनी,
आणि त्यांत अकरा लाल,
साखर पचवायला पुन्हा शिकलेले.
तिने ते दोनदा मोजले, मग आजीला फोन लावला,
आणि एका अक्षराची गोष्ट तिला
नदीच्या भाषेत सांगत राहिली.

जूनमध्ये, तिसावर एका दिवसाच्या माश्या
फुलासारख्या उसळतात त्या आठवड्यात,
मी सकाळी दार उघडलं तर
ती खिडकीशी चंबू धरून उभी.
रात्री गढूळ ठेवलेला रस
सकाळी आरपार.
पलीकडची झाडं दिसत होती त्यातून, पानं मोजता यावीत इतकी.
"बघा ना, किती नितळ," ती म्हणाली,
आणि म्हणता म्हणता तिला कळलं.

आमचा नव्हता तो. त्याचा लांबचा भाऊबंद,
अख्खा, डोक्याशेपटासकट,
नळातून आला की कुणाच्या बाहीवरून, कोण जाणे.
एका रात्रीत अब्जावधी घरं फोडून गेला.

आम्ही ब्लीच ओतलं, टेबलं पुसली, मग हँडल, मग स्वतःचे चष्मे.
उणे ऐंशीत एक नळी जपलेली होती, तिच्यातून पुन्हा सुरुवात.
पुन्हा तीस अंश. पुन्हा तो निजलेला.

वडिलांची सळई आता माझ्या खणात असते.
अडकलेलं झाकण उचकटायला बरी पडते.